नऊशे एक्केचाळीस

रुग्णालयात त्यांना मीटर म्हणत. तोंडावर 'मीटरकाका', पाठीमागे नुसतं 'मीटर', आणि कारभार पाहणाऱ्या मोठ्या बाई चिडल्या की 'अहो, ते मीटर कुठे तडमडलेत?' काम होतं नेटवर्कच्या देखभालीचं. म्हणजे दोन इमारतींमधले दोन-सव्वादोनशे कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलताहेत ना, एवढं बघायचं. पण या माणसाचा खरा धंदा संशय घेण्याचा, आणि त्यातून त्यांनी तीस वर्षांत एक दिवसही रजा घेतली नव्हती.

वडील शिंपी. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "गेल्या वर्षीचंच माप धरा," तर ते गळ्यातली टेप काढत म्हणायचे, "तो गेल्या वर्षीचा माणूस होता. तुम्ही उभे राहा." मुलाने वडिलांकडून नेमकं हेच उचललं. त्यांची शिलाई नाही, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तर नाहीच नाही. बटाटे आणले तरी मीटर ते घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचे. डॉक्टरने ताप सांगितला की घरी येऊन दुसरा थर्मामीटर लावायचे, आणि दोन्हींत फरक पडला तर तिसरा आणायला निघायचे. बायकोने गॅस बंद केला की उठून पुन्हा बघून यायचे. सुरुवातीची काही वर्षं तिला राग यायचा. मग तिने गॅस बंद करणंच सोडून दिलं. "तुम्ही बघायला उठणारच आहात, तर बंदही तुम्हीच करा," म्हणाली. तेव्हापासून त्या घरात गॅस मीटरच बंद करतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा जाऊन बघतातही.

अशा माणसाला नोकरीत हवं तसं हत्यार मिळालं होतं. एका कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप करायची, की तो कान देऊन बसतो. दुसऱ्यावर दुसरी ओळ टाइप करायची, की तो पहिल्याकडे दहा सेकंद माहितीचे गठ्ठे भराभर फेकत सुटतो. काळ्या पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ उमटते, ओळीच्या टोकाला वेगाचा आकडा, आणि शेवटी सगळ्याची सरासरी. रंग नाही, चित्र नाही, 'शाब्बास' म्हणणारा हसरा चेहरा नाही. यात कोणाच्याही बोलण्यावर विसंबावं लागत नाही, म्हणून मीटर त्या काळ्या पडद्यावर खूश होते.

त्यांनी आपले दोन नियम ठरवले होते. पहिला, फेकणारा कॉम्प्युटर नेहमी आपला, ऐकणारा दुसऱ्याचा. ऐकायला अक्कल लागत नाही, पण पाठवायची कमांड टाइप करायला लागते, आणि दुसऱ्याच्या बोटांचा काय भरवसा? दुसरा नियम असा, की आकडा दोन्हीकडे दिसतो, तर फोनवर पलीकडच्याने त्याचा आकडा आधी सांगायचा. आपण आधी बोललो की समोरचा कंटाळून "हो, हो, तेवढाच" म्हणून मोकळा होतो. तीस वर्षांत या नियमांना कोणी हात लावला नव्हता. लावणार कोण? सगळ्यांना आपापली कामं होती.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

रुग्णालयाच्या नव्या इमारतीत स्कॅनचं यंत्र, आणि अंगणापलीकडच्या जुन्या इमारतीत ती चित्रं वाचणारे डॉक्टर. यंत्रावरच्या माणसाने बटण दाबलं की चित्रं अंगणाखालून जाणाऱ्या फायबरच्या तारेतून जुन्या इमारतीत यायची. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून चष्मा पुसेपर्यंत ती पडद्यावर हजर असत. गेले पाच महिने मात्र चित्रं रेंगाळत येत होती. कधी सात मिनिटं, कधी बारा, कधी अर्ध्यावर थांबून पहिल्यापासून. डोक्याला मार लागलेल्या एका बाईंची चित्रं अकरा मिनिटं उशिरा पोचली. त्या बाई वाचल्या, पण त्या अकरा मिनिटांत डॉक्टरांनी जे काही ऐकवलं ते दोन्ही इमारतींनी ऐकलं.

आणि पाच महिन्यांपूर्वीच स्कॅनच्या यंत्रावर नवीन बाई आली होती. ती मीटरची सून.

सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक, काम बरं वाटलं तर कायम. या एका नोकरीसाठी तिने लग्नाआधी दोन वर्षं शिक्षण घेतलं होतं आणि लग्नानंतर वर्षभर दारं झिजवली होती. आता तिच्या नावावर दोन लेखी समजपत्रं जमली होती, दोन्ही 'चित्रे पाठविण्यात दिरंगाई' म्हणून. तिसरं पत्र म्हणजे घरचा रस्ता. मोठ्या बाईंनी मीटरना बोलावून विचारलं, "दोष तारेचा आहे की माणसाचा, मला शुक्रवारी चारपर्यंत लिहून द्या. पण सून तुमची आहे. काम दुसऱ्या कोणाला सांगू का?"

मीटर ताठ झाले. "बाई, मोजमापाला नातं नसतं."

बाईंना ते पटलं. पटायलाच हवं होतं. रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस घरच्यांना झुकतं माप देणार नाही. उलट, 'सुनेला पाठीशी घातलं' असं कोणी म्हणू नये म्हणून मीटरनी तिच्यावर इतरांपेक्षा जरा जास्तच डोळा ठेवला होता. त्यांना हा आपला मोठेपणा वाटत होता. मला विचाराल तर हा मोठेपणा नव्हे, ही दुसऱ्याच्या जिवावर मिरवलेली हौस.

सून सरळ नाकासमोर चालणारी. मीटरना तेच खुपायचं. इतकं सरळ कोणी असतं का? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. कामावर रुजू व्हायच्या दिवशी ती कागदांवर सह्या करायला जुन्या इमारतीत आली होती. जिन्याखाली अंधार होता, म्हणून दिव्याचं बटण शोधता शोधता तिने भिंतीवरच्या एका लोखंडी कपाटाचं दार उघडलं. आत हिरवे दिवे लुकलुकत होते आणि तारांची गर्दी होती. "बाबा, हे काय आहे हो?" तिने भोळेपणाने विचारलं. मीटरच्या मनात पाल चुकचुकली. कपाटाशी हिचं काय काम? त्याच दिवशी दुपारी त्यांनी बाजारातून कडी आणली, दाराला भोकं पाडून ती बसवली, त्यात कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. दुसरी किल्ली केलीच नाही. दुसरी किल्ली म्हणजे दुसरा माणूस.

गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी अकरा वेळा मोजणी केली. ते जुन्या इमारतीत डॉक्टरांच्या खोलीत लॅपटॉप जोडून बसायचे, सून स्कॅनच्या खोलीतला कॉम्प्युटर ऐकायला लावायची. दहा सेकंद झाले की फोनवर विचारायचे, "आधी तू सांग."

"नऊशे एक्केचाळीस."

इकडेही नऊशे एक्केचाळीस. सेकंदाला हजार मेगाबिट धावू शकणाऱ्या तारेतून याहून जास्त पदरात पडत नाही. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, यंत्र चालू असताना मोजलं, बंद असताना मोजलं. नऊशे एक्केचाळीस, नऊशे चाळीस, नऊशे एक्केचाळीस. तार धडधाकट, मग चित्रं रेंगाळतात का? उरलं कोण?

घरी जेवताना सून म्हणाली, "बाबा, खरं सांगते, मी लगेच पाठवते. बटण दाबलं की पट्टी पडद्यावर गोगलगायीसारखी सरकते. मी काय करू?"

"काळ्या पडद्यावर तर तसं दिसत नाही."

"मग तुमचा पडदा खोटा असेल."

सासूच्या हातातला डाव तिथेच थांबला. मीटर उठले. चूळ भरून गॅस बघायला गेले आणि तिथून जरा जास्तच वेळाने परत आले. परत येताना त्यांचं ठरलं होतं. पडद्याला खोटं म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, आणि दर वेळी लबाडी माणसाचीच निघाली होती. सासू भांडी उचलताना पुटपुटली, "हिच्या जागी मी असते तर ताटच आपटलं असतं." ती सुनेकडून बोलत होती, पण सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. या घरात तीही तेवढं शिकली होती.

शुक्रवार उजाडला. दुपारी दोनला मीटरनी अहवाल टाइप केला. 'दोन्ही इमारतींमधील जोडणी अकरा वेळा तपासली. यंत्रणा निर्दोष. विलंब मानवी.' शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा वाचले. वाचून झाल्यावर दोन घोट कोमट पाणी प्यायले. सही करायच्या आधी बारावी मोजणी करावी म्हणून त्यांनी स्कॅनच्या खोलीत फोन लावला. आकडे बारा असले की बरे दिसतात.

नऊशे एक्केचाळीस.

"झालं?" पलीकडून सून म्हणाली. आवाज बसलेला होता. सकाळपासून तिला कळून चुकलं असावं की आज काय लिहिलं जाणार. "बाबा, एक विचारू? दर वेळी तुम्हीच का पाठवता?"

"म्हणजे?"

"चित्रं तुमच्याकडून माझ्याकडे येत नाहीत. माझ्याकडून तुमच्याकडे जातात. तुम्ही बारा वेळा मला पाठवलंत, मी बारा वेळा ऐकलं. एकदा मला पाठवू द्या की."

"तुझ्या हातचा आकडा मी धरणार नाही."

"मग माझ्या हातचा नको. तुमच्या हाताने काही होतं का ते बघा."

होत होतं. हेच तर दुखणं होतं. त्या कमांडच्या शेवटी एक अक्षर वाढवलं की खेळ उलटतो, पलीकडचा कॉम्प्युटर फेकायला लागतो आणि आपला झेलायला. मीटरना ते अक्षर पाठ होतं. तीस वर्षांत वापरलं मात्र कधी नव्हतं, कारण दुसऱ्याने फेकलेलं झेलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आज त्यांनी ते टाइप केलं. सुनेवर विश्वास बसला म्हणून नव्हे हं. तिची लबाडी उघडी पाडायची, म्हणून.

पहिली ओळ उमटली. अकरा.

नऊ. चौदा. अकरा. सहा. एका सेकंदाला तर शून्य. सरासरी दहा.

मीटर पडद्याकडे बघतच राहिले. त्यांनी पुन्हा सरळ मोजलं, नऊशे एक्केचाळीस. पुन्हा उलट, बारा. त्यांची नजर खिडकीतून अंगणापलीकडे गेली आणि पहिला विचार आला तो हा: ही तिकडे काहीतरी करतेय. काहीतरी डाउनलोड करत असेल, नाहीतर तार हलवत असेल. एवढं होऊनही!

"तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?" त्यांनी फोनवर विचारलं.

"मावशी आहेत." मावशी म्हणजे त्या मजल्यावरची झाडलोट करणारी बाई.

"त्यांना दे फोन." मावशी फोनवर आल्या. "मावशी, ती काय करते ते बघा. तिला कॉम्प्युटरपासून दोन पावलं मागे उभं करा, आणि दोन्ही हात वर ठेवायला सांगा. मला सांगत राहा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग मावशींचा आवाज आला, बराच बदललेला. "उभी आहे हो पोर. दोन्ही हात वर आहेत. डोळे पुसायलासुद्धा खाली घेत नाहीये. अजून काय करायला लावू?"

तेरा. आठ. अकरा.

सव्वातीन झाले होते. मीटरनी फोन ठेवला. फायबरच्या तारेत काचेचे दोन धागे असतात, एक जाण्याचा, एक येण्याचा. एक ठणठणीत आणि दुसरा मरायला टेकलेला, असं होऊ शकतं, हे पुस्तकात वाचलेलं त्यांना आत्ता आठवलं. येणारा धागा जिथे संपतो ते ठिकाण जिन्याखालचं कपाट. त्यांनी लॅपटॉपवर उलटी मोजणी पाच मिनिटांसाठी चालू केली, लांब वायर ओढत लॅपटॉप जिन्याखाली नेला आणि जमिनीवर ठेवला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. अकरा. दहा. बारा. त्यांनी कमरेचं जुडगं काढून कुलूप उघडलं आणि दार ओढलं.

नऊशे छत्तीस.

त्यांनी दार लोटलं. अकरा.

उघडलं. नऊशे एक्केचाळीस.

गुडघे टेकून त्यांनी टॉर्च मारला. पिवळ्या धाग्याचा एक वेढा बिजागरीच्या अंगाला बाहेर आला होता. कडी बसवताना दार जरासं वाकलं होतं आणि तेव्हापासून कुलूप लावलं की दाराची कड त्या वेढ्यावर नेमकी बसत होती. तो धागा पाच महिने त्या दाराखाली चिमटला गेला होता. शेजारचा, जाणारा धागा दोन बोटं आत होता, त्याला काहीच झालं नव्हतं.

आता मात्र संशय घ्यायला कोणी उरलं नाही. मीटरनी तरी शोधून पाहिलं, सवय वाईट. कंत्राटदार? त्याने तारा सात वर्षांपूर्वी टाकल्या होत्या आणि त्या चोख होत्या. उंदीर? धाग्यावर दातांची खूण नव्हती. दुसऱ्या कोणी कपाट उघडलं असेल? किल्ली एकच. ती त्यांच्याच हातात होती आणि घामाने ओली झाली होती.

मीटर जिन्याखाली तसेच बसून राहिले. लाज वाटणं म्हणजे काय हे त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी कळत होतं, आणि ते फार वाईट होतं. ती हात वर करून उभी राहिली होती. त्यांच्या एका शब्दावर, त्यांच्याच कडी-कुलपापायी. आणि ती रडत होती, हे सांगायला मावशी लागल्या.

अशा वेळी मन सुटकेची वाट दाखवतंच. कोणी पाहिलं नव्हतं. धागा आत सारायचा, दार लावायचं, अहवालात लिहायचं, 'जोडणीत किरकोळ दोष आढळला, दूर केला.' खोटं काहीच नाही. चित्रं आजपासून धावतील. पण तसं लिहिलं तर ती दोन समजपत्रं तिच्या फायलीत तशीच राहतील, आणि महिन्याभराने ती फाइल उघडणारा माणूस किरकोळ दोष वाचणार नाही, समजपत्रं वाचेल. मीटरना हे माहीत होतं, कारण तो माणूस ते स्वतः असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

चारला दहा कमी असताना मोठ्या बाईंच्या टेबलावर नवा कागद होता. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. 'पाच महिन्यांचा विलंब कपाटाच्या दाराखाली तार चेमटल्यामुळे झाला. कडी व कुलूप मी बसवले. किल्ली फक्त माझ्याकडे आहे. पूर्वीच्या अकरा तपासण्या मी एकाच दिशेने केल्या, ही माझी चूक. बारावीतही पहिल्यांदा तेच केले. स्कॅन विभागातील कर्मचाऱ्याने दिशा लक्षात आणून दिली. त्यांची दोन्ही समजपत्रे मागे घ्यावीत.'

"हे असंच ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

"असंच."

"तुमच्या फायलीत एक पत्र जाईल, मीटर."

"जाऊ द्या." मग ते म्हणाले, "दोन घाला. तिला दोन मिळाली होती."

बाईंनी सही केली. मीटर त्या कागदाची प्रत घेऊन बाहेर आले आणि जिन्याजवळ थांबून त्यांनी स्कॅनच्या खोलीत फोन लावला. सुनेने फोन उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच मीटर आधी बोलले.

"दोष माझा होता. कपाटाच्या दारात तार अडकली होती. कुलूप मी लावलं होतं. तसं लिहून दिलंय."

"लिहून दिलंय?"

"हो. वाचून दाखवू?"

"नको," सून म्हणाली. "मीच येते वाचायला."

अंगण ओलांडून ती आली. डोळे सुजलेले, केस घट्ट बांधलेले. तिने कागद हातात घेऊन एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, मग खालची मोठ्या बाईंची सही उजेडात धरून बघितली. मीटर शेजारी उभे होते. आपण सांगितलेलं खरं मानलं जात नाही, तेव्हा नक्की कुठे दुखतं, ते त्यांना तिथे उभं राहून समजलं. ते म्हणाले, "माफ कर मला, पोरी."

तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

त्यांनी जुडग्यातून ती एकच किल्ली ओढून काढून दिली. ती जिन्याखाली गेली. लॅपटॉप अजून तिथेच जमिनीवर होता. तिने खाली बसून मोजणी पुन्हा चालू केली. पडद्यावरून बघून बघून, ते एक अक्षरही न विसरता, स्वतःच्या बोटांनी. मग कपाटाच्या दारावर हात ठेवला आणि मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही जरा दोन पावलं मागे उभे राहा," ती म्हणाली. "आणि हात वर करा. दोन्ही."

मीटर दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.